कोंबडे कुणाचे? काउआई बेटावरील एका जुन्या वादाची कथा

#थ्रेड

प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य टोकाकडे काउआई नावाचे एक हिरवेगार बेट आहे. क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या दुपटीहून थोडे अधिक, वस्ती जेमतेम ७३,०००. या बेटावर पहाट होण्याची वाट कुणी पाहत नाही. चांगली काळोखी रात्र असतानाच कुठूनतरी एक कोंबडा बांग देतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि मग दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सवाल-जबाब सुरू होतात.

हे कोंबडे कुणाच्याही खुराड्यातले नाहीत. त्यांना मालक नाही. समुद्रकिनारे, वाहनतळ, बाजारपेठा, घरामागच्या बागा, डोंगरावरचे जंगल, सर्वत्र त्यांचा मुक्त संचार असतो. पर्यटकांना त्यांचे मोठे अप्रूप. कोंबड्याचे चित्र असलेले सदरे आणि पेले दुकानांतून विकले जातात. बेटावर राहणाऱ्यांचे मत मात्र त्या माणसाने रात्री किती झोप घेतली आहे यावर अवलंबून असते.

झोप हा तक्रारीचा एक भाग झाला. कोंबडीची जात उकरण्याची. नुकतेच पेरलेले वाफे ती तासाभरात उलथून टाकते, कोवळे कोंब टिपते, आच्छादन पसरवते, पिकात विष्ठा टाकते. लहान शेतकऱ्याला हे नुकसान कुणी भरून देत नाही, कारण नुकसान करणाऱ्याला धनीच नाही.

मग त्या पकडून खात का नाहीत? काउआईवर या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे. रानकोंबडी पातेल्यात घालावी, सोबत एक काळा दगड घालावा, आणि दगड मऊ होईपर्यंत शिजवावे. नंतर कोंबडी फेकून द्यावी आणि दगड खावा. गावठी कोंबडीचा रस्सा तासन्‌तास शिजवणाऱ्या मराठी माणसाला यात थोडी अतिशयोक्ती वाटेल, पण रोख कळेल.

वरवर पाहता हा नगरपालिकेच्या पातळीवरचा प्रश्न आहे. उपद्रवी पक्षी आहे. सापळे लावावेत, पकडावेत, संपवावेत. परंतु त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते कुणालाच धड देता येत नाही. हा पक्षी रानचा की घरचा? त्या उत्तरासाठी सुमारे साडेतीन हजार वर्षे मागे जावे लागते.

जगातल्या सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील आणि उत्तर व ईशान्य भारतातील तांबडा रानकोंबडा. थायलंडमधील बान नॉन वाट येथे मिळालेली हाडे पाळीव कोंबडीचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना भक्कम पुरावा मानली जातात. काळ साधारण इ. स. पू. १६५० ते १२५०. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातला एक मुद्दा फार बोलका आहे. माणसाने धान्य पिकवायला आणि साठवायला सुरुवात केली, आणि सांडलेल्या दाण्यांच्या मागे हा पक्षी आपण होऊन जंगलातून वस्तीकडे आला, असे संशोधक म्हणतात. काउआईच्या वाहनतळावर पर्यटकांच्या पायाशी घुटमळणारी कोंबडी पाहिली की ही जुनी सोयरीक आठवते.

पुढे हा पक्षी माणसाबरोबर होडीत बसला. पॉलिनेशियन दर्यावर्दी ताऱ्यांच्या, वाऱ्याच्या आणि लाटांच्या खुणांवर हजारो किलोमीटर समुद्र ओलांडत. इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास ते हवाईत वसले, तेव्हा त्यांच्या जोडहोड्यांत अळूचे कंद, विलायती फणसाची रोपे, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी होती. कोंबडीला त्यांच्या भाषेत शब्द होता ‘मोआ’.

या शब्दाची एक गंमत आहे. न्यूझीलंडला पोहोचलेल्या माओरींबरोबर कोंबडी तेथे टिकली नाही. तेथे मात्र त्यांना माणसाहून उंच, न उडणारे प्रचंड पक्षी दिसले, आणि त्यांनी घरचाच शब्द त्यांना दिला. आज जगाला ‘मोआ’ म्हटल्यावर तो नामशेष झालेला महाकाय पक्षी आठवतो. हवाईत तोच शब्द अजूनही कोंबडीचा आहे.

हवाईच्या समाजात मोआला मान होता. सरदार मंडळी कोंबड्यांच्या झुंजी लावत आणि त्यांवर मोठाल्या पैजा खेळत. राजचिन्ह म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ‘काहिली’ नावाच्या पिसांच्या उंच दंडांत मोआची पिसेही ओवली जात. काही पक्षी वस्तीतून निसटून डोंगरात गेले. हवाईत माणूस येण्यापूर्वी घुशी-उंदीर नव्हते, साप नव्हते, जमिनीवरून हिंडणारा शिकारी प्राणी नव्हता. पूर्वजाचे रानपण पुरते न विसरलेल्या या पक्ष्याला ते जंगल मानवले.

जानेवारी १७७८ मध्ये कॅप्टन कुक काउआईच्या वायमेआ येथे उतरला. हवाई बेटांवरचे त्याचे पहिले पाऊल याच बेटावर पडले. त्यानंतर युरोपीय व अमेरिकी जहाजे येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर वेगळ्या वाणाच्या, मोठ्या अंगाच्या, जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्याही आल्या.

मग आला ऊस. हवाईतला पहिला यशस्वी व्यापारी ऊसमळा १८३५ साली काउआईवरील कोलोआ येथे उभा राहिला. मळ्यांना मजूर लागत. ते आधी चीनमधून, नंतर जपान व पोर्तुगालच्या बेटांवरून, आणि १९०६ पासून फिलिपिन्समधून आणले गेले. मजुरांच्या चाळीमागे चार कोंबड्या असणे ही चैन नव्हती. अंड्या-मांसाची ती घरगुती सोय होती. फिलिपिनो मजुरांनी झुंजीच्या कोंबड्यांची परंपराही सोबत आणली. एका पायाला दोरी, शेजारी दोन उतरत्या पाखांची छोटी झोपडी, आणि अशा झोपड्यांच्या सरळ ओळी, हे दृश्य हवाईच्या ग्रामीण भागात आजही दिसते. झुंजी बेकायदा आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे.

या कथेत कोंबडीइतकेच महत्त्वाचे दुसरे पात्र म्हणजे मुंगूस, आणि ते भारतातून गेले.

उसाला उंदीर लागतात, ही जगभरच्या मळेवाल्यांची डोकेदुखी होती. १८७२ साली जमैकातील एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली: चार नर, पाच माद्या. काही वर्षांतच त्यांची प्रजा बेटभर झाली, आणि उंदीर कमी झाल्याचे सांगत त्याने १८८२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात लेखही लिहिला. हवाईच्या मळेवाल्यांना आणखी काय हवे होते? १८८३ साली जमैकाहून ७२ मुंगसे हवाई बेटावरील हिलोच्या किनाऱ्याला उतरवली गेली. त्यांची पिल्ले पुढे माउई, मोलोकाई आणि ओआहू येथे पाठवण्यात आली.

मुंगूस दिवसा शिकार करते, उंदीर रात्री हिंडतात. ही साधी गोष्ट कोकणातल्या कुठल्याही गुराख्याला विचारली असती तर त्याने सांगितली असती. मुंगसांनी उंदीर थोडेफार खाल्ले, पण खरा फडशा पाडला तो जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांचा, त्यांच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा. आपल्याकडे मुंगूस आडवे गेले की शुभशकुन मानतात; हवाईच्या पक्ष्यांसाठी त्याहून अशुभ काही घडले नव्हते.

काउआईवर मात्र मुंगूस सोडलेच गेले नाही. का, याची एक दंतकथा बेटावर आवडीने सांगतात. नाविलीविली बंदरावर मुंगसांचा पिंजरा उतरवला जात असताना एका मुंगसाने हमालाचे बोट चावले. हमालाने चिडून पिंजराच समुद्रात भिरकावला. ही दंतकथा म्हणूनच ऐकावी. पण एखाद्या बेटाचा निसर्ग एका हमालाच्या रागावर तरला, ही कल्पना लोकांना इतकी आवडावी यातच त्यांना त्या न आलेल्या मुंगसाचे मोल किती वाटते ते दिसते.

परिणाम असा झाला की, इतर मोठ्या बेटांच्या रानांतून मोआ दिसेनासा झाला तरी काउआईच्या डोंगरात, विशेषतः कोकेएच्या उंच जंगलात, तो टिकून राहिला. विसाव्या शतकात हवाईचा जुना रानकोंबडा पाहायचा तर काउआईलाच जावे लागे.

आता दुसरा एक पक्षी. ‘नेने’ हा हवाईचा राज्यपक्षी, एक देखणा रानहंस. (आपल्याकडच्या नेने मंडळींशी त्याचे नाते नाही, त्याच्या हळू, घोगऱ्या आवाजावरून ते नाव पडले.) शिकार, मुंगूस आणि मांजरे यांनी त्याचा असा संहार केला की, १९५० च्या सुमारास सगळ्या जगात मिळून सुमारे ३० नेने उरले होते. पिंजऱ्यांत पैदास करून त्यांना वाचवण्याचे काम तेव्हापासून सुरू झाले. काउआईवरही काही नेने बंदिवासात पाळले होते.

२३ नोव्हेंबर १९८२. ‘इवा’ चक्रीवादळ काउआईला धडकले. त्या गोंधळात बंदिवासातले काही नेने सुटले आणि किपू काई नावाच्या आडबाजूच्या खोऱ्यात वस्ती करून राहिले. खाणारे मुंगूस तेथे नव्हतेच. आज राज्यातील नेन्यांची सर्वांत मोठी संख्या काउआईवर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये या पक्ष्याला अमेरिकेच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी सौम्य वर्गात आणले गेले, त्यात या सुटकेचा वाटा मोठा.

त्याच वादळाने दुसरेही काही पिंजरे फोडले होते.

दहा वर्षांनी, ११ सप्टेंबर १९९२ रोजी ‘इनिकी’ आले. ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाचे वारे, १४,००० हून अधिक घरांचे नुकसान, आठवडेच्या आठवडे वीज नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा ‘जुरासिक पार्क’चे चित्रीकरण आटोपत काउआईवरच होता आणि त्याच्या चमूला हॉटेलात आश्रय घ्यावा लागला. जिथे माणसांची छपरे उडाली, तिथे परसातली खुराडी आणि झुंजीच्या कोंबड्यांच्या झोपड्या कितीशा टिकणार? बेटावर कुणालाही विचारावे, या कोंबड्या आल्या कुठून. उत्तर एकच मिळते, ‘इनिकी’तून.

हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. कोंबड्या खुराड्यातून निसटण्यासाठी वादळाची वाट पाहत नाहीत. दोन शतके त्या थोड्याथोड्या निसटतच होत्या. वादळांनी एकदम मोठी भर घातली, एवढे खरे. शिवाय त्याच सुमारास ऊस मावळत होता. मळे एकामागून एक बंद पडले आणि २००९ साली काउआईवरचा शेवटचा ऊसमळाही थांबला. मळ्यांच्या पडीक जमिनी, त्यांत माजलेले गवत, त्यातले किडे आणि शेजारीच पर्यटकांचे उष्टे. कोंबडीला याहून चांगले राज्य कोण देणार!

एकाच वादळाने दोन पक्षी मोकळे केले. दोघेही माणसाच्या पिंजऱ्यातून सुटले, दोघांनाही मुंगूस नसल्याचा फायदा झाला, दोघेही आज गोल्फच्या हिरवळीवर शेजारी शेजारी चरताना दिसतात. एकाला कायद्याचे कवच आहे, दुसऱ्यासाठी सापळा. एक मूळचा या भूमीतला आणि दुसरा आणलेला, म्हणून हा भेद योग्यच म्हणावा लागेल. फक्त ‘आणलेला’ हा शब्द वापरताना जपावे लागते, कारण मोआला आणणारे लोक म्हणजेच हवाईचे मूळ रहिवासी.

यात विज्ञानाने भर घातली ती २०१५ साली. ‘मॉलिक्युलर इकॉलॉजी’ या नियतकालिकात एबेन गेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काउआईच्या कोंबड्यांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आईकडून पिल्लाला मिळणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएवरून वंशावळ लावली, तेव्हा दोन स्पष्ट शाखा निघाल्या. बहुसंख्य कोंबड्या पाश्चात्त्य पाळीव वाणांच्या शाखेतल्या होत्या. थोड्या मात्र दुसऱ्या शाखेतल्या. आणि या दुर्मीळ शाखेत तांबड्या रानकोंबड्याबरोबरच काउआईतच उत्खननात मिळालेल्या, युरोपीय येण्याच्याही आधीच्या हाडांतील डीएनए बसत होता.

याचा सरळ अर्थ असा की, होड्यांतून आलेल्या त्या पहिल्या कोंबड्यांचा वंश संपलेला नाही. वाहनतळावर दाणे टिपणाऱ्या, मोटारीखाली सापडणाऱ्या, सापळ्यात अडकणाऱ्या कोंबड्यांपैकी एखादीच्या पेशींत तो शिल्लक आहे. कोणतीच्या, हे पिसांवरून खात्रीने सांगता येत नाही.

पिसांवर भरवसा का ठेवता येत नाही, त्याचे कारण जुने आहे. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात पाळीव कोंबड्यांच्या संकरांचे प्रयोग नोंदवले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या काळ्या किंवा पांढऱ्या राहिलेल्या वाणांचा संकर केला की, संततीत अचानक रानकोंबड्याचा तांबडा-सोनेरी रंग उमटे. सर्व कोंबड्या एकाच रानटी जातीपासून आल्या, या त्याच्या मताला याने बळ मिळाले. या बाबतीत त्याने बरीच भिस्त ठेवली होती ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लिथ यांच्या माहितीवर. तेव्हा काउआईच्या रस्त्यावरील झगझगीत तांबडा कोंबडा प्राचीन मोआचा वंशज असेल, किंवा गेल्या पिढीत कुणाच्या तरी खुराड्यातून पळालेल्या दोन वाणांचा संकरही असेल.

पण पाळीव पक्षी रानात गेला की तो खरोखर मागे, पूर्वजाकडे जातो का? २०१६ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनात याच बेटावरच्या कोंबड्यांचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले. कोंबडी पाळीव होताना जनुकसंचाच्या ज्या भागांवर निवडीचा दाब पडला होता, त्यांहून रानटी होतानाचे भाग बहुतांशी निराळे निघाले. म्हणजे आल्या वाटेने परत जाणे असे काही घडत नाही. कोंबडी तिसऱ्याच वाटेला लागते. व्यवहारात हे समजायला सोपे आहे. अंड्यांच्या कारखान्यातील कोंबडीची खुडूक होण्याची प्रवृत्ती माणसाने जवळपास मोडून काढली आहे. रानात मात्र जी खुडूक होत नाही, रवणाला बसत नाही, तिचा वंश तिच्याबरोबरच संपतो.

येथे सह्याद्रीचाही एक धागा आहे. तांबड्या रानकोंबड्याचे पाय करडे असतात. मग जगभरच्या पाळीव कोंबड्यांचे पाय पिवळे कसे? २००८ साली स्वीडिश संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिसले की, पिवळ्या कातडीचे जनुक बहुधा दुसऱ्याच एका जातीकडून, करड्या रानकोंबड्याकडून आले. हा पक्षी दक्षिण व पश्चिम भारतातला. महाबळेश्वरपासून गोव्याच्या अभयारण्यांपर्यंत पहाटेच्या धुक्यात ज्याचा तुटक आवाज येतो, तोच. तेव्हा काउआईच्या रस्त्यावर एखादी पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्या रक्तात कधीकाळी भारतीय द्वीपकल्पाच्या रानातले दान मिसळले असण्याचा संभव मोठा.

एवढे कळल्यावर प्रशासनाची अडचण ध्यानात येते. कोंबडीला वन्य पक्षी म्हणावे तर तिच्या रक्षणाचा विचार करावा लागतो. पाळीव म्हणावे तर मालक शोधावा लागतो. उपद्रवी जीव म्हणून सरसकट मारावे तर हजारेक वर्षांचा तो दुर्मीळ वंशही नकळत मारला जाण्याची भीती. आणि काहीच करू नये, तर पाळीव कोंबड्यांचे रक्त डोंगराच्या जंगलापर्यंत चढत जाऊन तोच वंश संकरात विरघळून जाणार. मारले तरी जातो, सोडले तरी जातो. हवाईच्या विधिमंडळात रानटी कोंबड्यांविषयी पुन्हा पुन्हा विधेयके येतात आणि चर्चा पुन्हा तेथेच येऊन थांबते.

दरम्यान लोकांना झोप हवी आहे, आणि ती मागणी क्षुल्लक नाही. मराठीत म्हण आहे, कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली जवळपास हाच प्रयोग केला. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या शरीरातील घड्याळाप्रमाणे पहाटेआधी आरवत राहिले. २०१५ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात असेही दिसले की, पहिली बांग कळपातला सर्वांत वरिष्ठ कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने मागून देतात. खुराड्यात हा क्रम एका घरापुरता असतो. जिथे दर पन्नास पावलांवर स्वतंत्र राज्य आहे, तिथे प्रत्येक राजा आपली पहिली बांग देतो.

पकडण्याचे प्रयोग कमी झालेले नाहीत. ओआहू बेटावरील होनोलुलू शहराने २०२२ साली काही ठिकाणी ठेकेदाराकडून सापळे लावून घेतले. सुमारे ७,००० डॉलर खर्चून ६७ कोंबड्या हाती लागल्या. एका कोंबडीला १०० डॉलरहून अधिक! त्यात मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या कोंबड्या शिरतात, आणि एकेका कोंबडीमागून पिल्लांची रांग निघते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या की वेस्ट या बेटानेही २००४ साली एका न्हाव्याला दर कोंबडीमागे २० डॉलर देऊन अधिकृत पकड्या नेमले होते. तेथील कोंबड्यांचे मूळ क्यूबातून आलेल्या विडी-सिगार कामगारांपर्यंत सांगतात. काही नागरिकांनी सापळेच निकामी केले आणि तो करार काही महिन्यांतच आटोपला. गावात दोन तट पडतात ते असे. एकाच्या लेखी कोंबडा म्हणजे गावाची ओळख, दुसऱ्याच्या लेखी मोडलेली झोप.

काउआईवर आज जे उपाय चालतात ते सगळे लहान आहेत. पिंजऱ्यात दाणा-पाणी ठेवून पकडणे, रात्री झाडावर झोपलेल्या कोंबड्या हाताने उतरवणे, कुंपण घालणे, आणि पर्यटकांनी खाऊ घालू नये म्हणून समजावणे. यांतला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. ज्याला उद्या विमानाने परत जायचे आहे, त्याला पिल्लांपुढे पावाचा तुकडा टाकण्यात कसलाच धोका दिसत नाही.

मग मुंगूस का आणत नाही, असा प्रश्न कुणीतरी अर्धवट थट्टेत विचारतोच. त्याचे उत्तर शेजारच्या ओआहूवर आहे. तिथे मुंगूस भरपूर आहे. जुना रानमोआ तिथून गेला. पण होनोलुलूच्या गल्ल्यांत कोंबड्या आहेतच, आणि त्या पकडायला शहर डॉलर मोजते आहे. माणसांच्या वस्तीला चिकटून राहणाऱ्या कोंबडीला मुंगूस संपवू शकत नाही. त्याने संपवले ते रानात राहणाऱ्याला.

२०१२ साली काउआईवर दोन मुंगसे जिवंत पकडली गेली, त्यांतले एक नाविलीविली बंदराजवळ, म्हणजे दंतकथेतल्या हमालाने पिंजरा भिरकावला त्याच परिसरात. तेव्हापासून बेटावरील आक्रमक प्रजाती समिती मुंगूस दिसल्याच्या प्रत्येक खबरीवर धाव घेते. सापळे आमिषासह मांडून ठेवलेले असतात. त्यांत मुंगूस सहसा सापडत नाही. आमिषाच्या वासाने आजूबाजूला कोंबड्याच उकरत असतात.